हाताने रंगवलेले

आमच्या स्टुडिओच्या दरपत्रकावर रंगवलेल्या पोर्ट्रेटचे तीन प्रकार आहेत: 'रेम्ब्रांट', 'रविवर्मा' आणि 'रॉयल'. नावं मालकांनी ठेवली, काम मी करतो. 'रेम्ब्रांट' म्हणजे त्या नावाच्या डच चित्रकाराच्या धर्तीवर मागे गडद तपकिरी, उजेड एका बाजूने आणि सावलीतल्या गालावर उजेडाचा छोटा त्रिकोण. हे फोटो काढतानाच जमवावं लागतं. समोरून फ्लॅश मारलेला लग्नातला फोटो आणून 'याचाच रेम्ब्रांट करा' म्हटलं तर होत नाही. 'रविवर्मा' म्हणजे पैठणी, नथ, मागे पडदा नि खांब. 'रॉयल' म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही. फ्रेम सोनेरी असते एवढं खरं. तिन्हींच्या खाली बारीक अक्षरांत 'हाताने रंगवलेले'.

चित्रकला शिकवणाऱ्या एका बाईंनी आईचा 'रविवर्मा' करून घेतला, 20 बाय 24 इंच. मूळ फाइल त्यांच्याकडे होती हे नशीब. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो एवढा मोठा केला की पापण्या विरघळतात. फोटोशॉपमध्ये मिक्सर ब्रशने, म्हणजे फोटोतलेच रंग ओल्या रंगासारखे मिसळणाऱ्या ब्रशने, रंग ओढायचा तो कपाळावर आडवा, गालावर गोलाईने, साडीवर निऱ्यांच्या दिशेने. डोळे आणि दागिने शेवटी, वेगळ्या लेयरवर, बारीक ब्रशने. तिथे घाई केली की तन्मणीच्या मोत्यांची साबुदाण्याची खिचडी होते. मग चौकटीवर ताणायला चारही बाजूंनी दोन इंच जास्त ठेवून कॅनव्हासवर प्रिंट. शाई वाळली की आधी स्प्रे वार्निश, नाहीतर ओल्या जेलबरोबर शाई ओढली जाते. वर पारदर्शक अ‍ॅक्रिलिक जेलचे फटकारे, म्हणजे रंगवल्यासारखा उठाव येतो. हे फटकारे खालच्या चित्राच्या वळणानेच जायला हवेत. पण लग्नसराई होती, जेलचं काम मालकांनी बाहेर दिलं होतं. तिथे रुंद ब्रश या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून मोकळे झाले.

बाईंनी कॅनव्हास खिडकीकडे तिरका धरला. एक फटकारा पडद्यावरून निघून आईच्या नाकावरून थेट कानापर्यंत गेला होता. त्यावर नख फिरवत त्या म्हणाल्या, "या ब्रशला नाक दिसलंच नाही वाटतं."

पैसे परत मागितले नाहीत. चेहरा त्यांना आवडला होता. फक्त बिलावरचं 'हाताने रंगवलेले' खोडून 'कॅनव्हास प्रिंट, वर जेल' लिहून घेतलं. मालकांनी दिलं, तोंड वाकडं करून.

दरपत्रकावरही तसंच छापू, म्हटलं मी. तर मालक म्हणाले, "अरे, रविवर्मा तरी घरोघरी कसे पोचले? छापूनच ना?" मुद्दा बिनतोड. 1894 साली मुंबईत त्यांनी छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला. शिळाछापाने, रंगागणिक वेगळा दगड लावून छापलेल्या तिथल्या लक्ष्मी-सरस्वती कितीतरी भिंतींवर लागल्या. पण त्या छापील म्हणून, छापील चित्राच्या भावाने विकल्या जायच्या. आमचा 'रविवर्मा' साध्या कॅनव्हास प्रिंटच्या तिप्पट. त्यातले बरेचसे पैसे माझ्या ब्रशकामाचे, आणि ते मी खोटे मानत नाही. टॅब्लेटवर पेन फिरवणारा हातच असतो की. बाईंना हे तेव्हाच सांगायला हवं होतं का, की जेलच्या त्या फटकाऱ्यासमोर ते शोभलं नसतं, हे अजून ठरत नाही.

नव्या दरपत्रकाचं प्रूफ आलंय. 'हाताने रंगवलेले' गेलं. त्या जागी मालकांनी 'कलाकाराच्या स्पर्शासह' टाकलंय. दर तेच.