आमची वाटचाल : मशीन टेबलावरून उतरण्याआधी

आम्ही कॉम्प्युटर जोडून विकतो. सुरुवातीची तीन वर्षं आम्ही जोडलेलं मशीन भार टाकून अर्धा तास तापवून बघायचो आणि खोक्यात भरायचो. आम्ही म्हणजे मी, माझा भागीदार आणि एक लांब टेबल. ग्राहक बहुतेक व्हिडिओ एडिटिंग आणि थ्रीडी रेंडरिंग करणारे. त्यांचा सगळा जीव वेळेत अडकलेला, त्यामुळे ‘ओव्हरक्लॉक करूनच द्या’, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगावर चालवून द्या, हे ठरलेलं. २०११ मध्ये आम्ही काम सुरू केलं तेव्हा इंटेलचा आय५-२५००के हा प्रोसेसर नुकताच आला होता. मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ, पण कूलर चांगला असला तर त्यातले बरेच नग ४.५ पर्यंत जायचे. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, वेग ठरवणारा मल्टिप्लायर वाढवायचा, व्होल्टेज थोडं चढवायचं, विंडोज उघडलं, बेंचमार्कचा आकडा आला, की मशीन तयार असं आम्ही धरून चालायचो.

एक ग्राहक मशीन परत घेऊन आले तेव्हा हे धरून चालणं संपलं. मशीन बंद पडत नव्हतं, ब्लू स्क्रीन येत नव्हती. पण रात्री लावलेलं रेंडर सकाळी बघावं तर शेकडो फ्रेममधल्या दोन-चार फ्रेमवर काळे ठिपके. तीच फ्रेम पुन्हा काढली की स्वच्छ. ते म्हणाले, “मशीन बंद पडलं असतं तर निदान कळलं तरी असतं हो. आता मला एकेक फ्रेम डोळ्यांनी तपासत बसावं लागतं.” त्यांच्याशी वाद घालण्यासारखं आमच्याकडे काहीच नव्हतं. हातातल्या तीन ऑर्डर आम्ही तिथेच थांबवल्या.

त्या रात्री पहिल्यांदा प्राइम९५ हा प्रोसेसरला कसून राबवणारा प्रोग्राम पूर्ण वेळ चालवला. हा प्रोग्राम मुळात मशीन तपासण्यासाठी लिहिलेलाच नाही. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये मर्सेन मूळसंख्या (२ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळसंख्या) शोधण्याचा सामूहिक प्रकल्प सुरू केला, त्यासाठीचं हे गणित. एका संख्येची तपासणी अनेक दिवस चालते आणि मध्येच एक बिट उलटला तर सगळी मेहनत वाया. म्हणून तो स्वतःची आकडेमोड स्वतःच तपासत राहतो. प्रचंड मोठे गुणाकार तो दशांशी आकड्यांमध्ये करतो आणि उत्तर पूर्णांकाच्या किती जवळ आलं ते बघतो. हा फरक ०.४ च्या वर गेला की काहीतरी चुकलं, असं समजून थांबतो. आमच्या टेबलावर दोन तास दहा मिनिटांनी तेच झालं. प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे राबणारे भाग म्हणजे कोअर; चारपैकी तीन कोअर व्यवस्थित चालू, पडद्यावरची तिसऱ्या कोअरची ओळ मात्र थांबलेली : राउंडिंग ०.५, अपेक्षा ०.४ पेक्षा कमी. पंखे फिरत होते, माउस हलत होता, बाकी सगळं शांत. अर्ध्या तासात ही चूक आम्हाला कधीच दिसली नसती.

सोपा उपाय म्हणजे व्होल्टेज आणखी चढवणं, आणि तो आम्ही करूनही बघितला. पण प्रोसेसर जी वीज खातो ती वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२० व्होल्टचे १.३५ केले तर तेवढ्यानेच वीज सव्वापटीच्या वर जाते, आणि वेग १० टक्के वाढवला असेल तर एकूण जवळपास १.४ पट. दहा टक्के कामासाठी चाळीस टक्के उष्णता. शेवटच्या १०० मेगाहर्ट्झसाठी लोक जितका आटापिटा करतात, तितका त्यात फायदा नाही, हे माझं तेव्हापासूनचं ठाम मत आहे. आमचा नियम तिथेच ठरला : ज्या वेगावर मशीन रात्रभर टिकेल, त्याच्या १०० मेगाहर्ट्झ खालीच ते ग्राहकाला द्यायचं. त्या गृहस्थांचं मशीन ४.५ वरून ४.३ वर आलं. ठिपके गेले.

भागीदाराला हे लगेच पटलं नाही. एकेक मशीन दोन-दोन दिवस टेबलावर अडकलं तर ऑर्डर कशा निघणार, हा त्याचा प्रश्न खरा होता. काही ग्राहक गेलेही, कारण दुसरीकडे मशीन त्याच दिवशी मिळत होतं. आम्ही टेबल वाढवलं, वेळ कमी केला नाही.

पुढचा धडा रॅमने दिला. एक्सएमपी, म्हणजे रॅममध्ये कंपनीनेच भरून ठेवलेली जास्त वेगाची सेटिंग, चालू करणं हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. एक्सएमपीशिवाय डीडीआर४ रॅम बहुधा २१३३ सारख्या कमी वेगावर चालते, आणि खोक्यावर ३२०० किंवा ३६०० लिहिलेलं. तो आकडा रॅमच्या स्टिकने गाठला तरी प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर आणि मदरबोर्डही तो पेलतील असं नाही. म्हणून विंडोज टाकण्याच्या आधी पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी चालवतो. क्रम उलटा झाला तर बिघडलेल्या रॅममधून गेलेल्या फाइली डिस्कवर बिघडलेल्याच उतरतात, आणि नंतर रॅम दुरुस्त केली तरी विंडोज कुरकुरतच राहतं. या चाचणीत एकही चूक चालत नाही. ‘एकच तर आली’ असं म्हणणारा माणूस आमच्या टेबलावर नको.

तरीही एक मशीन मेमटेस्टमधून रात्रभर स्वच्छ निघालं आणि ग्राहकाकडे तासाभरात कोसळलं. पुन्हा आणलं, पुन्हा तपासलं, पुन्हा स्वच्छ. दोन दिवस डोकं फोडून घेतल्यावर भागीदाराने कॅबिनेटचं झाकण लावून ग्राफिक्स कार्डवर पूर्ण भार टाकला आणि त्याच वेळी रॅमची चाचणी सुरू केली. रॅमचं तापमान ४१ अंशांवरून ५८ वर गेलं आणि पन्नासाव्या मिनिटाला पहिली चूक आली. कार्डाची गरम हवा वर चढून थेट स्टिकांवर जात होती. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका इवल्याशा कपॅसिटरमधला भार. तो सतत गळत असतो, म्हणून ठरावीक वेळाने पुन्हा भरावा लागतो, आणि उष्णता वाढली की गळती वाढते. रॅमचे टायमिंग, म्हणजे प्रत्येक कामासाठी तिला मिळणारा वेळ, आम्ही अगदी आखडले होते, तेवढी उष्णता सोसायला जागाच उरली नव्हती. टायमिंग सैल केले, पुढे एक पंखा वाढवला. तेव्हापासून शेवटची चाचणी नेहमी झाकण लावून आणि कार्डासकट.

एएमडीच्या प्रोसेसरची रायझन ५००० मालिका २०२० मध्ये आली आणि आमची पद्धत पुन्हा अपुरी पडली. तिच्यातल्या कर्व्ह ऑप्टिमायझर या सोयीने प्रत्येक कोअरचं व्होल्टेज वेगळं कमी करता येतं. सगळ्या कोअरवर भार टाकला की मशीन रात्रभर खडकासारखं उभं, आणि ग्राहक नुसतं पत्र टाइप करत असताना रीस्टार्ट. कारण सगळे कोअर राबत असतात तेव्हा वेग आवरता असतो. एकटा कोअर जागा होतो तेव्हाच तो सर्वांत वरच्या वेगावर उडी मारतो, आणि नेमकं तिथे व्होल्टेज कमी पडतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या व्हीया-लॉगरची १८ क्रमांकाची नोंद असायची, आणि तिच्यातल्या एपिक आयडीवरून कोणता कोअर पडला ते कळायचं. आता एकेक कोअर आळीपाळीने तपासणारं कोअरसायकलर लावतो. सोळा कोअरच्या मशीनला यात बराच वेळ जातो. जाऊ दे.

प्रत्येक मशीनबरोबर एक कागद जातो. त्यावर वेग, व्होल्टेज, चाचणीचे तास, खोलीचं तापमान, सर्वांत जास्त चढलेलं तापमान, आणि त्याच्या शेजारी भाराखालचा प्रत्यक्ष वेग. ही शेवटची नोंद मी सर्वांत आधी बघतो. प्रोसेसर फार तापला की आपणहून वेग उतरवतो, आणि चाचणी आरामात पार पडते. ४.५ साठी घेतलेली परीक्षा ३.९ ने दिलेली असते.

कॉम्प्युटरवर इमारतींच्या भाराचा हिशेब करणारे किंवा लेखापालाचं काम करणारे ग्राहक आले तर आम्ही ओव्हरक्लॉक करून देत नाही. विनंती केली तरी नाही.

वर्षातून एकदा जुनी मशीन एका रात्रीसाठी परत मागवतो. जास्त व्होल्टेज आणि उष्णतेखाली वर्षानुवर्षं राबलेली चिप हळूहळू झिजते, आणि पहिल्या दिवशी पुरलेलं व्होल्टेज पुढे पुरेनासं होतं. गेल्या महिन्यात सहा वर्षांचं एक मशीन आलं होतं. पाचव्या तासाला एक ओळ थांबली. ४.३ वर पुन्हा पूर्ण रात्र चालवलं, ते टिकलं, म्हणून नियमाप्रमाणे ४.२ वर लावलं, आणि नवा कागद जुन्या कागदाला टाचून पाठवला.