गावांची आडनावं

माणसाला असतं तसं आपल्याकडे गावालाही आडनाव असतं, आणि ते सांगितलं नाही तर पार्सल भलत्याच जिल्ह्यात जातं. नुसतं पिंपळगाव म्हणून काय उपयोग? बसवंत म्हणा म्हणजे नाशिक, हरेश्वर म्हणा म्हणजे जळगाव, रेणुकाई म्हणा म्हणजे जालना. पिंपळ काय कुठेही उगवतो, खरी मजा पुढच्या शब्दात आहे.

एसटीच्या पाटीवर 'बु.' नि 'खु.' लिहिलेलं असतं ते तर सगळ्यांनीच बघितलंय. बुद्रुक आणि खुर्द. फारसीतला बुजुर्ग आपल्या तोंडी रुळता रुळता बुद्रुक झाला, म्हणजे थोरला, आणि खुर्द म्हणजे धाकटा. एकाच नावाची दोन गावं शेजारी शेजारी, मधे बऱ्याचदा ओढा नाहीतर नदी, मग सारावसुलीच्या वहीत घोळ नको म्हणून ही सोय. पुण्यात मुठेच्या एका काठाला हिंगणे बुद्रुक आणि दुसऱ्या काठाला हिंगणे खुर्द. बुद्रुकात महर्षी कर्व्यांची संस्था आली, पुढे तो सगळा भागच कर्वेनगर झाला, आणि आज तिथे जायचं म्हणून रिक्षावाल्याला हिंगणे बुद्रुक सांगाल तर तो तुमच्याकडेच बघत बसेल. सिंहगड रोडवरचं हिंगणे मात्र अजून खुर्दच. थोरला नाव बदलून बसला तरी हा बिचारा धाकटाच!

मौजे आणि कसबे हीसुद्धा त्याच वहीतली. शेतीवाडीचं साधं खेडं ते मौजे, आणि जिथे बाजार भरतो, कारागीर-व्यापारी राहतात, चार सरकारी माणसं बसतात तो कसबा. पुण्यातला कसबाही त्यातलाच, पेठा त्याच्या आजूबाजूला नंतर वसल्या. काही ठिकाणी तर दोन्ही शिल्लक आहेत, म्हणजे मिरज तालुक्यात कसबे डिग्रज आणि मौजे डिग्रज, निफाडात कसबे सुकेणे आणि मौजे सुकेणे, कागलला कसबा सांगाव आणि मौजे सांगाव. ज्या कारभारासाठी ही नावं पडली तो कधीच गुंडाळला गेला, पण गावांनी हुद्दे काही सोडले नाहीत.

मला सगळ्यात आवडतं ते 'तर्फ'. कोल्हापूरकडे कळंबे तर्फ ठाणे नावाचं गाव आहे. पहिल्यांदा वाचताना वाटतं की ठाण्याच्या वतीने हे कळंबे कोर्टात हजर झालंय की काय, पण मुंबईजवळच्या ठाण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. तर्फ म्हणजे परगण्याचा एक पोटभाग, बस.

आणि आळंदी! देवाची आळंदी म्हणजे माउलींची, ती सगळ्यांना माहीत असते. पण लोणी काळभोरच्या बाजूला चोराची आळंदी पण आहे, अगदी खरी. तिथली पोरं कॉलेजात गाव कुठलं विचारल्यावर काय सांगत असतील देव जाणे, मी असतो तर नुसतं आळंदी म्हणून पुढचं गिळून टाकलं असतं.

बाकी जुनं ते सगळंच गोड मानायची गरज नाही. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा, ही नावं पण त्याच व्यवस्थेने दिलेली, आणि ती नुसता पत्ता सांगत नव्हती, कोणी कुठे राहायचं आणि कोणाला कुठवर यायची मुभा ते सांगत होती. 2020 च्या डिसेंबरात राज्य सरकारने वस्त्यांची अशी जातीवाचक नावं बदलायचं ठरवलं, समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नवी सुचवली. काही लोकांना तेव्हा इतिहास पुसला जाईल याची काळजी लागली होती. काळजी करणाऱ्यांपैकी कितीजण त्या पत्त्यावर राहत होते ते बघायला हवं होतं.

इंग्रज आले, रेल्वे आली, तशी नवी आडनावंही आली. विदर्भात धामणगाव रेल्वे आहे, आणि अमरावती जिल्ह्यात तर एक चांदूर रेल्वे आणि एक चांदूर बाजार. एकाला गाडी मिळाली, दुसऱ्याकडे बाजार होता, वाटणी कशी चोख! पण अमरावतीहून नरखेडला नवीन लाईन झाली आणि आता चांदूर बाजारलाही स्टेशन आहे. चांदूर रेल्वेतही भाजीपाला, कापड सगळं मिळतंच की. तरी तिकडच्या एसटीत बसताना नुसतं चांदूर म्हणालात तर कंडक्टर विचारणारच, रेल्वे की बाजार?