फावडं घेऊन या

मागच्या जुलैमध्ये, म्हणजे इकडे न्यूझीलंडमध्ये ऐन थंडीत, माझी लेक बारा दिवसांची होती आणि आईचा व्हिसा काही आलेला नव्हता, नवऱ्याची सुट्टी संपलेली, आणि मी रात्र रात्र जागून अगदी रडकुंडीला आले होते. शेजारच्या आजी दारात आल्या, माझं तोंड बघितलं आणि म्हणाल्या, अगं आपल्या एरियाच्या फेसबुक ग्रुपवर टाक की. मी म्हटलं छे, ओळख ना पाळख, लोकांकडे कसं मागायचं. तर त्या आत येऊन बसल्या, लेकीला मांडीवर घेतलं आणि भूकंपाचं सांगायला लागल्या.

आमच्या क्राइस्टचर्चला ४ सप्टेंबर २०१० ला पहाटे ७.१ चा भूकंप झाला होता आणि मग २२ फेब्रुवारी २०११ ला दुपारी १२ वाजून ५१ मिनिटांनी ६.३ चा. आकडा लहान दिसतो पण तो शहराच्या अगदी जवळ आणि उथळ होता, १८५ माणसं गेली. आजी तेव्हा एव्हन नदीकाठी एव्हनसाइडला राहायच्या, एकट्याच. तिथली जमीन भुसभुशीत, हादऱ्यासरशी खालचं पाणी आणि वाळू एक होऊन जमिनीतून उसळून वर आलं, लिक्विफॅक्शन म्हणतात त्याला. अंगणात गुडघाभर करडा गाळ, मागचं दार उघडेना, लाइट नाही, नळाला पाणी नाही. आणि हा गाळ वाळला की दगडासारखा होतो, वरून धूळ उडते ती वेगळीच, त्यामुळे थांबायलाही वेळ नाही.

आजींचं फेसबुक नव्हतं. वेलिंग्टनला असलेल्या नातवाने तिथूनच त्यांचा पत्ता विद्यार्थ्यांच्या पेजवर टाकला, आणि दोन दिवसांनी गमबूट घातलेली दहा-बारा पोरं फावडी आणि एकचाकी गाड्या घेऊन दारात हजर. संध्याकाळपर्यंत अंगण मोकळं केलं, गाळाचे ढीग रस्त्याच्या कडेला लावले. एका मुलीने आत येऊन स्टोव्हमागचा कोपरासुद्धा पुसला, ते आजी अजून सांगतात. हे सगळं सॅम जॉन्सन नावाच्या कँटरबरी युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्याने सुरू केलं होतं, सप्टेंबरच्या भूकंपानंतर त्याने फेसबुकवर एक इव्हेंट टाकला आणि मित्रांना बोलावलं, बास एवढंच. फेब्रुवारीत हजारो पोरं आली. स्टुडंट व्हॉलंटिअर आर्मी म्हणतात त्यांना, ती अजून चालू आहे.

मला हे ऐकताना किल्लारी आठवत होतं. बाबा आमच्या औशाचे, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ते आजही नीट सांगू शकत नाहीत, गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पण त्यानंतर गावागावातून भाकरीची गाठोडी भरून ट्रक कसे आले ते मात्र पुन्हा पुन्हा सांगतात. तेव्हा कुठलं फेसबुक, घरात साधा फोन नव्हता. म्हणजे माणसं मुळात धावतातच, त्यांना फक्त कुठे यायचं, कधी यायचं आणि हातात काय घेऊन यायचं हे कुणीतरी सांगावं लागतं, आणि मला मनापासून वाटतं की इंटरनेटचा खरा उपयोग हा एवढाच आणि एवढा मोठा आहे. पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनशेच्या वर लोक होते, रोज सकाळी फुलांचे फोटो यायचे, पण समोरच्या फ्लॅटमधले काका पडले हे मला चार दिवसांनी वॉचमनकडून कळलं. त्याचं वाईट अजून वाटतं. ग्रुप तोच असतो हो, पण तिथे कुणी काही मागतच नव्हतं, मीसुद्धा नाही.

त्या रात्री मी पोस्ट टाकली. तीन वेळा लिहून खोडली, मग सरळ लिहिलं की बाळ बारा दिवसांचं आहे, घरचं कुणी नाही, गरम जेवण मिळालं तर फार बरं होईल. सकाळी अकराला पहिली बेल वाजली. गल्लीच्या टोकाच्या बाई, सहा वर्षांत कधी बोलणं झालं नव्हतं, हातात भोपळ्याच्या सुपाचं पातेलं. मग आठवडाभर रोज कुणी ना कुणी. एक सामोअन काकू तर कपड्यांच्या घड्या घालून गेल्या. पातेली परत करताना मी प्रत्येकात शिरा घालून दिला, आपल्याकडे रिकामं भांडं कुठे परत देतात, आणि त्यातूनच चार घरी येणं-जाणं सुरू झालं.

नदीकाठचा तो सगळा भाग नंतर रेड झोन झाला, म्हणजे राहायला अयोग्य ठरवला, घरं पाडली, आजींचंही. आता तिथे नुसतं गवत आणि लोकांच्या अंगणातली जुनी फळझाडं उभी आहेत. येत्या शनिवारी साडेनऊला तिथे रोपं लावायचीत, ग्रुपवर मेसेज आलाय, गमबूट घालून या, फावडं असेल तर आणा. मी आजींना म्हटलं, तुम्ही लेकीला सांभाळाल का थोडा वेळ. म्हणाल्या, सांभाळते की, पण घरी नाही बसणार, मी तिची बाबागाडी घेऊन तिकडेच येते, माझं प्लमचं झाड बघायचंय.