स्वॅप बंद केले, तरी डिस्क थांबेना

काही वर्षांपूर्वी ८ जीबी रॅमच्या माझ्या लॅपटॉपवर, लिनक्समधले स्वॅप, म्हणजे रॅममधली माहिती डिस्कवर हलवून ठेवण्याची सोय, मी पूर्णपणे बंद केले होते. डिस्क रॅमपेक्षा कितीतरी संथ असते, तेव्हा तिच्याकडे जाणारी वाटच बंद केली की यंत्र वेगाने चालेल, अशी माझी समजूत होती. एके दिवशी ब्राउझर, व्हर्च्युअल मशीन आणि एक मोठे कंपाइल एकाच वेळी चालू असताना माउसचा बाण जागीच थिजला, आणि डिस्कचा दिवा मात्र अखंड लुकलुकत राहिला. स्वॅप नव्हतेच, तर डिस्कवर चालले होते काय?

उत्तरासाठी मेमरीवाटपाकडे पाहावे लागते. प्रोग्रॅमने १ जीबी मागितले, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सहसा तेवढी रॅम लगेच देत नाही. पत्त्यांचा तेवढा पट्टा फक्त त्याच्या नावावर लिहून ठेवते. प्रोग्रॅम त्यातल्या एखाद्या पत्त्यावर प्रथमच लिहू लागतो तेव्हा पेज फॉल्ट होतो, म्हणजे त्या पत्त्यामागे अजून रॅम नसल्याने काम कर्नलकडे येते, आणि मगच रॅमचा एक ठरावीक तुकडा, म्हणजे बहुतेक पीसींवर ४ केबीचे, शून्यांनी भरलेले एक पान त्याला मिळते. मागितलेले सगळेच कोणी वापरत नाही, या भरवशावर कर्नल रॅमपेक्षा जास्त मेमरी कबूल करू शकते.

रॅम भरत आली की काही पाने परत घ्यावी लागतात, आणि खरी मेख इथेच आहे. फाइलमधून आलेले आणि न बदललेले पान खुशाल टाकून देता येते, कारण त्याची मूळ प्रत डिस्कवर असतेच. प्रोग्रॅमने चालताना स्वतः तयार केलेल्या माहितीची, म्हणजे हीप आणि स्टॅकची पाने ‘अनामिक’ असतात. त्यांची प्रत कुठेच नसल्याने स्वॅपखेरीज त्यांना जागा नाही. मी स्वॅप काढून घेतल्यावर ती सगळी पाने, तासन्‌तास कोणी न वापरलेलीसुद्धा, रॅममध्ये अडकून पडली आणि सारा भार फाइलींच्या पानांवर आला. प्रोग्रॅमचे चालू कोडही त्याच पानांत असते. कर्नल ब्राउझरचे कोड टाकून देत होते, पुढच्याच क्षणी ते डिस्कवरून पुन्हा वाचत होते, आणि अशी काही पाने हाती लागत असल्यामुळे एखादी प्रोसेस मारून मेमरी मोकळी करणारा ओओएम किलरही लवकर पुढे येत नव्हता. संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी १९६८ साली ज्या थ्रॅशिंगची कारणमीमांसा केली, तेच हे.

म्हणून स्वॅपला ‘संथ, जादा रॅम’ म्हणणे मला अपुरे वाटते. दोन्ही प्रकारच्या पानांतून निवड करण्याची मोकळीक कर्नलला त्यामुळे मिळते. स्वॅपीनेस हा लिनक्सच्या सेटिंगमधला आकडाही याच निवडीचा कल ठरवतो. त्याचे नेहमीचे मूल्य ६० असते, पण रॅम ६० टक्के भरल्यावर स्वॅप सुरू होते, असा त्याचा अर्थ नाही.

मी ४ जीबीची स्वॅप फाइल तयार केली. आता ‘फ्री’ आदेश दिला की, बरीचशी रॅम उपलब्ध असतानाही, स्वॅपमध्ये काहीशे एमबी पडलेले दिसतात. पूर्वी ते पाहून मी अस्वस्थ झालो असतो. पण ती पाने लॉगिनच्या वेळी किंवा त्यानंतर कधीतरी लिहिली गेली, आणि पुढे कोणी मागितलीच नाहीत.