वर्षाअखेरची यादी आणि वाचनाची वही

वर्षभरातल्या आवडत्या पुस्तकांची यादी डिसेंबरात नुसती आठवून केली, तर ती बहुतेक वेळा शेवटच्या तीन-चार महिन्यांकडे झुकते. फेब्रुवारीतलं पुस्तक वाईट होतं असं नाही, त्याचे तपशील तोवर विरलेले असतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसने 1885 साली स्वतःवरच केलेले प्रयोग छापले. त्यांत पाठ केलेली निरर्थक अक्षरं तासाभरात निम्म्याहून अधिक पुसली गेली होती. गोष्ट त्याहून बरीच टिकते, पण नावं, प्रसंगांचा क्रम, एखादं नेमकं वाक्य जातंच. उरतं ते ‘छान होतं’ एवढंच, आणि त्यावरून दोन पुस्तकांत डावं-उजवं कसं करणार?

म्हणून वही ठेवायची. एका पुस्तकाला एक ओळ पुरत नाही, आणि अख्खं पान द्यायचं ठरवलं की मार्चपर्यंत वही बंद पडते. पाच-सहा ओळी बेताच्या. नाव, लेखक, अनुवादक, आवृत्तीचं साल, सुरू केल्याची आणि संपवल्याची तारीख. (अनुवादकाचं नाव हटकून राहतं, आणि पुढे तेच शोधत बसावं लागतं.) मग दोन ओळी मजकुराच्या, पुस्तक संपल्यापासून दोन दिवसांच्या आत. त्यांत ‘अप्रतिम’, ‘खिळवून ठेवणारं’ ही मलपृष्ठावरची भाषा नको. ‘पान 112 : पत्र न उघडताच तो उत्तर लिहायला बसतो’ एवढं टिपलेलं असलं, तर दहा महिन्यांनीही ते प्रकरण डोळ्यांपुढे येतं.

गुण त्याच दिवशी देऊ नयेत. शेवट जोरदार असला की मधली रटाळ शंभर पानं माफ होतात. महिन्याभराने द्यावेत. दोन्ही वेळा दिले, तर त्यांतली तफावत खुद्द गुणांपेक्षा जास्त सांगते.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकांची नोंद बहुतेक जण करतच नाहीत, आणि कामाची तर तीच. कितव्या पानावर सुटलं आणि का, एवढंच लिहायचं. पात्रांची गर्दी, बारीक टाइप, अडखळणारा अनुवाद, की झोपताना हातात घेतलेला जड वैचारिक ग्रंथ? शेवटच्या कारणात पुस्तकाचा दोष नाही, ते सकाळी वाचून पाहावं.

पानांच्या बेरजेचं फार कौतुक नको. रोज 20 पानं म्हणजे वर्षाला 7,300, अडीचशे पानी 29 पुस्तकं. हिशेब सरळ आहे. पण 12 पॉइंटच्या अक्षरांचं पान आणि 14 पॉइंटच्या, म्हणजे मोठ्या अक्षरांचं पान सारखं नसतं, आणि ई-पुस्तकात अक्षर मोठं केलं की पडदेही वाढतात. तुलना करायचीच तर भरलेल्या पानावरच्या दहा ओळींतले शब्द मोजून सरासरी काढावी आणि पानावरच्या ओळींनी गुणावं. ओळीला 9 शब्द आणि 30 ओळी असल्या, तर पान 270 शब्दांचं.

वर्षाअखेरी वही लगेच उघडायची नाही. आधी कोऱ्या कागदावर आठवतील ती पुस्तकं लिहायची, मग ताडून पाहायचं. भरघोस गुण मिळूनही कागदावर न आलेल्या पुस्तकाची पहिली दहा पानं पुन्हा वाचावीत. पुढे जावंसं वाटलं नाही तर ते यादीतून गेलं. कमी गुण असूनही आपणहून आठवलेलं पुस्तक मात्र यादीत घ्यावंच. तेव्हा त्यात काय खुपलं होतं, ते वहीतल्या दोन ओळींत असतंच.