कांड्या भरणारीचा हिशेब

मी अर्थशास्त्र शिकवतो. कोविडच्या महामारीत गेलेल्या जिवांचं आर्थिक मोल हा विषय निघाला की वर्गात आणि वर्गाबाहेरही कुणीतरी विचारतंच, "सर, गेलेल्या माणसाची रुपयांत किंमत? असं कसं करवतं तुम्हाला?" तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

गेलेल्या माणसाची किंमत कुणी करत नाही. हिशेब होतो तो धोक्याचा. समजा, दहा हजार वस्तीच्या गावात साथीनं एक जण दगावणार आहे. कोण, ते ठाऊक नाही. तो धोका टळावा म्हणून प्रत्येक जण हजार रुपये द्यायला तयार असेल, तर एक जीव वाचवायला गाव एक कोटी मोजायला तयार आहे. अमेरिकेत डेव्हिड कटलर आणि लॉरेन्स समर्स या अर्थशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये याच रीतीनं एका जिवाला ७० लाख डॉलर धरले आणि महामारीचं एकूण नुकसान १६ लाख कोटी डॉलरवर गेल्याचं मांडलं.

मला खुपते ती दुसरी रीत, कमाईवरून मोल काढायची. अपघाताच्या भरपाईत ती चालते: वार्षिक मिळकतीला वयानुसार ठरलेल्या आकड्यानं गुणायचं. पंधरा ते पंचवीस वयाला १८, पासष्टीनंतर ५. आता आमच्या वडगावातलं विणकराचं घर घ्या. माग नवऱ्याचा, मजुरी त्याच्या नावावर. बायको स्वयंपाक उरकून कांड्या, म्हणजे मागाला लागणाऱ्या सुताची छोटी रिळं, भरायला बसते, तुटलेला धागा सांधते, मध्येच पोराला शाळेत धाडते. कांडी संपली की माग थांबतो. पण मजुरीच्या वहीत तिचं नाव कुठंच नाही, म्हणजे या रीतीनं तिचं मोल शून्य! गृहिणीचं काम भरपाईत धरलंच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्येही ठासून सांगितलं, ते बरं झालं.

कोविडमध्ये गेलेल्यांच्या घरी सरकारकडून ५० हजार रुपये आले, ती मदत होती. तिला मोल समजू नका. रक्कम तुटपुंजीच, पण कमावता-बिनकमावता असा भेद तिच्यात नव्हता, हे मला मोलाचं वाटतं.

मग आकडा हवाच कशाला? महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआर चाचणीचा कागद दाखवल्याशिवाय आत सोडत नव्हते, ते आठवतंय ना? त्या अडवणुकीत बुडालेली मजुरी मोजता येते, तालुक्याच्या दवाखान्यातल्या ऑक्सिजनचं बिलही मोजता येतं. वाचलेला जीव मोजलाच नाही, तर निर्बंध ठरवायच्या बैठकीत खर्चाचीच बाजू जड होते. म्हणून मी आकडा मांडतो, आणि त्यात कांड्या भरणारीचं, तिच्या सत्तरीतल्या सासूचं मोल मागावर बसणाऱ्याइतकंच धरतो.