सांडव्यावरच्या गोणी

आमच्या शाखेकडील मातीच्या एका लहान धरणावर गेल्या पावसाळ्यात जे घडले, त्याचा अहवाल केव्हाच वर गेला आहे. मला मात्र त्यातील कारणाचा रकाना अजून पटलेला नाही.

सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील ओढ्याचा पूर खालच्या वाडीत शिरत असे, म्हणून हे धरण बांधले गेले. त्याला दरवाजे नाहीत. जादा पाणी आपोआप वाहून जाण्याची जी वाट असते, त्या सांडव्याच्या वर बांधाच्या माथ्यापर्यंत जी मोकळी उंची ठेवलेली असते, तिच्यातच पुराचा फुगवटा मावतो. लाभधारकांना ती उंची वाया गेलेली वाटते. रब्बीला पाण्याची एक पाळी जास्त मिळावी म्हणून त्यांनी सांडव्यावर वाळूच्या गोणी रचून पाणी अर्धा मीटर चढवले होते, आणि ते काम आमच्या ठेकेदाराच्या पिचिंगपेक्षा, म्हणजे बांधावरच्या दगडी अस्तरापेक्षा, नीटस होते.

चौकीदाराचा फोन आला तेव्हा पाणी गोणींवरूनही सुमारे पाव मीटर उंचीने वाहत होते. मी आधी पायथ्याशी गेलो. मातीचे धरण पाझरतेच, त्याचे भय नसते. भय असते ते गढूळ पाझराचे. पायथ्याच्या चरातील पाणी ग्लासात घेऊन थोडा वेळ ठेवले, तर तळाशी पिवळसर माती बसली, म्हणजे पाण्याबरोबर बांधही वाहून येत होता. मंडळी माती टाकून ते भोक बुजवायला निघाली होती. तसे केले की पाणी दुसरीकडून फुटते, म्हणून त्यांना थांबवून त्या जागी आधी भरड वाळू, तिच्यावर बारीक खडी आणि सर्वांत वर मोठी खडी पसरली, जेणेकरून पाणी निघून जाईल आणि माती मागे राहील.

“गोणी ताबडतोब काढा,” असे वरिष्ठांनी फोनवर सांगितले. सांगायला काय जाते! सांडव्यावरील विसर्ग पाण्याच्या उंचीच्या दीडाव्या घाताने वाढतो. गोणी एकदम काढून पाव मीटरचे पाऊण मीटर झाले असते तर ओढ्यात एकदम पाचपट पाणी सुटून ज्या वाडीसाठी धरण बांधले तीच बुडाली असती. त्यामुळे ओढ्याकाठची घरे शाळेत हलवून एका टोकाकडून थोड्या थोड्या गोणी काढल्या. “साहेब, ह्या पाण्यावर आमचा गहू आहे,” असे म्हणत सरपंच बराच वेळ अडून बसले होते. पहाटेपर्यंत पातळी उतरली आणि पाझर निवळला.

अहवालात कारण म्हणून गोणी लिहिल्या गेल्या. त्या घातक होत्या, यात वाद नाही. परंतु बांधाच्या आत पाणी अडवणारा काळ्या मातीचा गाभा पूरपातळीच्याही वर नेलेला असतो. तो नीट भरून दाबलेला असता तर त्या अर्ध्या मीटरने पाझर गढूळ होण्याचे कारण नव्हते. दबाईवर शंका घेणारा माझा परिच्छेद वरच्या टेबलावर एका वाक्याचा झाला, कारण गावकऱ्यांवर ठपका ठेवला की बांधकामाच्या नोंदींच्या जुन्या मोजमाप पुस्तिका कोणाला उघडाव्या लागत नाहीत. बांधाच्या माथ्यावर उन्हाळ्यात चाचणी खड्डे घेण्याचा प्रस्ताव मी पाठवला आहे. त्याला मंजुरी येण्याआधी सांडवा कायमचा अर्धा मीटर उंच करावा, असा ग्रामसभेचा ठराव माझ्याकडे अभिप्रायासाठी आला आहे.